गच्चीवरची चार काळी भांडी

मित्रांनो, मला लांबून पाहिले तर कुणीही म्हणेल की ही प्रवासाची बॅग आहे आणि बॅगवाला तिला गच्चीवर विसरून गेला आहे. मला एक मूठ आहे, दोन कड्या आहेत आणि खाली लहान चाके आहेत. त्यातले एक चाक आता फिरत नाही. झाकण उघडले की आत आरसा दिसतो. मग बघणाऱ्याला वाटते, ही नक्की शृंगाराची पेटी. एका पाहुण्याने तर मला हार्मोनियम समजून भाता शोधला होता. मी कुणाचे मनावर घेत नाही. मी एक जुनी सूर्यचूल आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही, आणि सांगितले तरी निम्म्या लोकांचा विश्वास बसत नाही.

माझी घडण अगदी साधी आहे. बाहेर पत्र्याचा डबा, आत काळ्या रंगाचा दुसरा डबा आणि दोघांच्या मध्ये ऊब धरून ठेवणारा कापूस. वर दुहेरी काच आणि तिच्यावर आरशाचे झाकण. आत चार काळी भांडी. आरसा ऊन पकडून आत टाकतो, काळा रंग ते पिऊन घेतो आणि काच त्याला बाहेर जाऊ देत नाही. झाला स्वयंपाक. गॅस नको, रॉकेल नको, वीज नको. फक्त थांबावे लागते. भाताला दोन तास, तुरीच्या डाळीला थोडे अधिक, आणि चवळी तर तिच्या मर्जीने शिजते. मला घाई करता येत नाही. खरे सांगायचे तर घाई करणाऱ्यांचा मला थोडा रागही येतो.

माझा जन्म दिल्लीतल्या ओखल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी एका सरकारी प्रदर्शनात गेले. लोक येत, माझ्या आरशात केस नीट करत आणि पुढच्या दुकानात निघून जात. शेवटी एका ताठ मानेच्या, कडक इस्त्रीच्या गणवेशातल्या माणसाने मला उचलले. ते हवालदार हिंमतराव. मूळचे साताऱ्याकडचे आणि तेव्हा दिल्ली कॅन्टातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, क्वार्टरमध्ये राहणारे. त्यांनी मला सायकलच्या मागे दोरीने बांधून घरी आणले. त्यांच्या पत्नी हौसाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अवो, चूल म्हणता नि हिला तर तोंडच न्हाई! जाळ घालायचा कुठनं?"

"जाळ वरनं येतो," हिंमतराव आभाळाकडे बोट दाखवून म्हणाले. "फुकट."

"फुकटचं शिजलेलं अंगाला लागतंय व्हय?"

हिंमतराव दोरी गुंडाळत आत निघून गेले. फौजेतल्या माणसाला माघार कधी घ्यायची हे बरोबर कळते.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी माझी परीक्षा घ्यायची म्हणून कण्या टाकल्या. कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी. तेव्हा दिल्लीत ज्वारी सहज मिळत नसे. सुट्टीवरून परतणारे जवान गावाकडून ट्रंकेत पिठाच्या आणि कण्यांच्या पिशव्या भरून आणत आणि आजूबाजूच्या मराठी घरांत वाटत. अशी लांबून आलेली, मोजकीच ज्वारी त्यांनी माझ्या पोटात ठेवली. मी जीव ओतून काम केले. दुपारी त्यांनी काच उचलली, एक कणी बोटांनी चेपून पाहिली, मग दुसरी पाहिली. "शिजलंय की गं!" त्या थेट मलाच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलू लागल्या.

ती माझी सुखाची वर्षे होती. कण्या आणि ताक, मोड आलेल्या मटकीची उसळ, लाल भोपळा, शेंगा, रताळी, काय काय शिजवले मी! माझ्यात तेल फारसे लागत नाही, जळत काही नाही, उतू जात नाही. रताळी तर अशी गोड व्हायची की शेजारच्या क्वार्टरमधल्या बायका वासावर यायच्या. आल्या की आरशात बघून कुंकू सारखे करायच्या. मी जरा शेफारलेच होते. दुपारी दीडला हिंमतराव जेवायला घरी येत आणि त्याच सुमारास माझेही काम संपलेले असे. माझी वेळ आणि त्या घराची वेळ जुळलेली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचा सगळा घोळ वेळेमुळेच झाला.

हिंमतराव निवृत्त झाले आणि दोघांचे गावी जायचे ठरले. सामानाच्या ट्रकात माझी काच टिकणार नाही, हे उघड होते. दिल्लीच्या मराठी मंडळात गणपतीला हौसाबाई माझ्यातली रताळी प्रसादाला नेत असत. तिथे त्यांची कल्पनाशी ओळख झाली होती. कल्पना पुण्याची. नेहरू प्लेसच्या एका संगणक कंपनीत तिला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. रताळी खाऊन ती दर वर्षी माझी चौकशी करायची. हौसाबाईंनी मला तिच्या हवाली केले.

"न्या ताई. गुणाची पेटी हाय. फकस्त एक करा, हिच्यात चपला ठेवू नका."

"काहीतरीच काय मावशी!" कल्पना म्हणाली.

हौसाबाईंनी पदराने माझी काच पुसली आणि मग त्याच पदराने डोळे पुसले. मलाही फार वाईट वाटले. पण नवे घर बघायची उत्सुकताही होती, ते खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, सहा महिन्यांत माझ्यात चपला होत्या.

कल्पनाला दोष देऊ नका. ती, तिचा नवरा राजीव आणि मुलगी अबोली नोएडाच्या एका नव्या सेक्टरमध्ये राहायला आले होते. चार मजल्यांच्या नव्या इमारती, अर्धवट रस्ते आणि पलीकडे अजून मोहरीची शेते. त्या वर्षांत सगळेच नवे होते. नवी दुकाने, नवे टीव्ही, टीव्हीवर नव्या जाहिराती आणि जाहिरातीत दिसलेले सगळे काही कोपऱ्यावरच्या दुकानात. राजीव आणि कल्पना सकाळी आठच्या आत निघायचे. कल्पनाची चार्टर्ड बस, म्हणजे ऑफिसवाल्यांनी महिन्यावर ठरवलेली खासगी बस, एक मिनिट थांबत नसे. संध्याकाळी सातनंतर दोघे दमून परत यायचे. मी शिजवणार दुपारी, आणि दुपारी घरात माणूस नाही. मग माझा उपयोग काय? मला बाल्कनीत ठेवले. आधी माझ्यावर रद्दी आली, मग आत बूट-चपला आल्या. चार भांड्यांपैकी एकात मनीप्लँट लावले गेले.

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह आला. तो मिनिटभर घुमायचा आणि टिंग करायचा. एवढ्याशा कामाचा एवढा गाजावाजा! मी तीन तास काम करते आणि हूं की चूं करत नाही. असो. तो बिचारा त्याच्या स्वभावाप्रमाणे वागत होता.

आता अबोलीचे सांगते. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. दोन वाजता शाळेच्या बसमधून उतरायची, गळ्यातल्या दोरीला बांधलेल्या किल्लीने दार उघडायची आणि आत येऊन पुन्हा लावून घ्यायची. गॅसला हात लावायचा नाही, असा नियम होता. आई सकाळी घाईघाईने पोळी-भाजी करून फ्रिजमध्ये ठेवायची. अबोली डबा बाहेर काढायची, उघडून बघायची आणि बंद करायची. मग कपाटातून चिप्स, बिस्किटे किंवा त्या झटपट होणाऱ्या शेवयांचे पाकीट. त्या शेवयाही ती शिजवत नसे. पाकीट हातानेच चुरडायची, वरून मसाल्याची पुडी भुरभुरायची आणि कोरडेच खायची. टीव्हीसमोर बसून कुरुम कुरुम. रिकामी पाकिटे वाऱ्यावर बाल्कनीतून उडायची. आतून ती माझ्या आरशासारखी चमकायची, म्हणून मला आधी वाटले की ही माझ्या नात्यातली असावीत.

आणि पोळी-भाजीचे काय व्हायचे? मित्रांनो, ते फक्त मला ठाऊक होते. अबोली बाल्कनीत यायची, माझे झाकण उचलायची, बाबांचे जुने बूट बाजूला सारायची आणि पोळ्या, आत भाजी गुंडाळून, त्यांच्या मागे दडवायची. ज्या पोटात मी कण्या शिजवल्या, त्यात आता बुटांमागे पोळ्या वाळत होत्या. मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. पण ती झाकण लावताना इकडे तिकडे बघायची, तेव्हा तिचे तोंड इतके केविलवाणे दिसायचे की रागावणार तरी कशी!

दिवाळीपर्यंत अबोली फिकी पडली. पोटात दुखतेय म्हणायची, वर्गात पेंगायची. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितले. दर रविवारी पुण्याहून राजीवच्या आईचा फोन येई. ही अबोलीची आजी, मनाने प्रेमळ आणि बोलायला स्पष्ट. बाल्कनीचे दार उघडे असले की मला राजीवचे बोलणे ऐकू यायचे. एका रविवारी फोन ठेवून तो कल्पनाला म्हणाला, "आई म्हणतेय, अबोलीला पुण्याला पाठवा. तिकडे शाळा आहे, दुपारी गरम जेवण आहे, घरात माणूस आहे. मार्चमध्ये परीक्षा संपली की ती स्वतः न्यायला येईल."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? बरोबरच आहे ना तिचं. ती इथे अशी रोज आजारी... यार कल्पना, दुसरा काही रस्ता आहे का?"

कल्पना बाल्कनीत आली आणि माझ्या झाकणावर बसून रडली. पोरगी जवळ ठेवायची तर नोकरी सोडायची, आणि नोकरी ठेवायची तर पोरगी पाठवायची. फ्लॅटचे हप्ते दोन पगारांवर उभे होते. तिला दोन्हींपैकी काहीच नको होते. माझ्यावर तिचे वजन होते आणि माझ्या पोटात त्या वाळक्या पोळ्या. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

बिंग फोडले मुंग्यांनी. त्यांची रांग माझ्या कडीपर्यंत आलेली पाहून कल्पनाने झाकण उघडले, बूट काढले आणि पाहतच राहिली. मग तिने अबोलीला हाक मारली. तिचा चढलेला आवाज ऐकून मी घाबरले. पण अबोली समोर येऊन मान खाली घालून उभी राहिली आणि कल्पनाचा आवाज खाली आला.

"का गं बेटा? मी पहाटे उठून करते ना तुझ्यासाठी?"

"गार पोळी नाही खाल्ली जात, आई."

"मायक्रोवेव्हमध्ये गरम कर म्हटलं होतं ना?"

"ती चामड्यासारखी होते." अबोलीने पायानेच एक मुंगी बाजूला सारली. "आणि मला अकेलं जेवायला नाही आवडत."

कल्पना खाली बसली. तिने पोळ्या काढल्या, मुंग्या झटकल्या आणि माझ्याकडे बघत बसली. माझा आरसा धुळीने आंधळा झाला होता. तिने ओढणीच्या टोकाने एक कोपरा पुसला, तर त्यातून उन्हाचा कवडसा उडाला आणि समोरच्या भिंतीवर जाऊन बसला. अबोली हसली. मला वाटते, त्याच क्षणी कल्पनाच्या मनात ते आले. सकाळी कच्चे मांडून ठेवायचे, आणि दोन वाजता पोरगी येईल तेव्हा शिजलेले, गरम, तिची वाट बघत असेल. गॅस नाही, आच नाही, करपायची भीती नाही. जी वेळ आजवर माझ्या आड येत होती, तीच आता उपयोगी पडणार होती.

मनीप्लँटला दुसरी कुंडी मिळाली. मला घासून गच्चीवर नेले. त्यांचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असल्यामुळे गच्ची अगदी डोक्यावर होती. पहिल्या दिवशी कल्पनाने वरण-भात मांडला, सूर्याकडे माझे तोंड केले आणि बस पकडायला पळाली. पण सकाळी आठचा सूर्य पूर्वेला असतो, बारापर्यंत तो तिथे थांबत नाही! दुपारी ऊन माझ्या पाठीवर पडले आणि माझ्याच झाकणाची सावली माझ्या काचेवर. अबोली जिने चढत धावत आली, घास घेतला आणि तिच्या दातांखाली तांदूळ कचकन वाजला. ती खाली निघून गेली. थोड्या वेळाने कुरुम कुरुम ऐकू आले.

"छोड ना कल्पना," संध्याकाळी राजीव म्हणाला. "सकाळच्या गडबडीत हे बिल्कुल प्रॅक्टिकल नाहीये."

पण रविवारी अबोली खडू घेऊन वर आली. दिवसभर ती माझ्याजवळ खेळत होती आणि मधून मधून माझी सावली जमिनीवर आखत होती. संध्याकाळपर्यंत गच्चीवर रेघांचा पंखा तयार झाला. तिने त्यातली जेवणवेळेआधीची रेघ निवडली आणि माझे तोंड बाराच्या सूर्याकडे राहील असा तिच्यावर जाड पांढरा चौकोन काढला. "आई, पेटी इथे अशी ठेवायची. सूर्य आता नाही आला तरी चालेल. तो येईल नंतर." सोमवारी त्या चौकोनात मला ठेवले. दोन वाजता अबोलीने काच उचलली आणि वाफेने तिचा चष्मा धुरकटला. वरण-भात, वर लिंबू. पुसून खाल्ला तिने! भांडे इतके स्वच्छ झाले की मला वाटले, आता घासायची गरजच नाही.

मग माझे जुने दिवस परत आले. भाजीच्या ठेल्यावर ज्याचा ढीग असेल ते त्या दिवशी माझ्यात. दिल्लीकडची ती लाल गाजरे, मटार, मुळा, भोपळा, कधी मटकीची उसळ, कधी शेंगा. सगळे मोसमातले आणि जवळच्या शेतातले. गॅसचे सिलिंडर जास्त दिवस पुरू लागले. गच्चीच्या पाण्याच्या पाइपात अडकलेली चमकदार पाकिटे अबोलीने एकदा काडीने ओढून काढली आणि तिचे तिलाच ओशाळल्यासारखे झाले. "एवढी मी खाल्ली?" ती मला विचारत होती. मी काय सांगणार?

जानेवारीत मात्र कल्पनाने अशी चूक केली, जी महाराष्ट्रातून आलेले माणूसच करू शकते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. वांगी, गाजर, वालपापडी, बोरे, तीळ घालून केलेली भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी. पुण्यात त्या दिवसांत स्वच्छ ऊन असते, म्हणून तिने रजा काढून शेजारच्या मीनाक्षी आंटींना दुपारच्या जेवणाचे आमंत्रण देऊन टाकले आणि भाजी माझ्यात मांडली. नोएडाचे जानेवारीतले धुके तिच्या ध्यानातच आले नाही. मला माझाच आरसा दिसत नव्हता, सूर्य कुठला! मीनाक्षी आंटी मदुराईच्या, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि मोठ्याने हसणाऱ्या. त्या गच्चीवर आल्या, कच्ची वांगी पाहिली आणि पोट धरून हसल्या.

"अरे कल्पना, जनवरी में यहाँ धूप ढूँढ रही हो? लाओ, मुझे दो."

त्यांनी भांडी खाली नेली, गॅसवर भाजीला उकळी आणली, थोडा वेळ ठेवली आणि गॅस बंद केला. मग झाकण न उघडता भांडी पुन्हा माझ्यात ठेवली आणि माझ्यावर जुनी रजई टाकली. "तुम्हारी पेटी गरमी पकड़ती है ना? तो पकड़ने दो." माझ्या कापसाने ती ऊब धरून ठेवली आणि भाजी आतल्या आत शिजली. मला स्वतःलाच हे माहीत नव्हते. इतकी वर्षे मला वाटत होते की सूर्य गेला की मी नुसता डबा.

तेव्हापासून असे ठरले की चौथे भांडे मीनाक्षी आंटींचे. उन्हाच्या दिवशी त्यांचे चणे किंवा राजमा माझ्यात शिजायचा आणि दोन वाजता त्या ताट घेऊन वर यायच्या. धुक्याच्या दिवशी उकळी त्यांच्या गॅसवर आणि रजई माझ्यावर. आणि अबोलीला जेवताना सोबत. तिच्या गालांवर पुन्हा रंग दिसू लागला. पण पुण्याचा बेत काही बदलला नव्हता. "चार दिवसांचं कौतुक असतं," आजी फोनवर म्हणाली होती. परतीची दोन तिकिटे तिने काढली होती, एक स्वतःचे आणि एक अबोलीचे.

आजी यायचा दिवस उजाडला. मार्चमधली लखलखीत सकाळ होती. कल्पनाने माझी काच दोनदा पुसली. मग मुगाच्या डाळीची खिचडी मांडली. "आज नीट कर हं," ती हळूच म्हणाली आणि पळाली. मी मनात म्हटले, तू जा, मी आहे.

आणि दहाच्या सुमारास आभाळ भरून आले.

आधी धुळीचा वारा आला, मग पश्चिमेकडून करड्या ढगांचे थर. मी आरसा ताणून उभी होते. मला आत ऊब कमी होत चाललेली कळत होती. आयुष्यात इतके असहाय मला कधी वाटले नव्हते. त्यातच मीनाक्षी आंटी सकाळीच दिल्लीतल्या मुनिरक्याला गेल्या होत्या, तिथे खोली घेऊन शिकणाऱ्या त्यांच्या मुलाकडे. माझ्या पोटात तांदूळ आणि डाळ कोमट पाण्यात नुसते फुगत होते.

आजीची गाडी उशिरा आली. राजीवने तिला स्टेशनवर टॅक्सीत बसवले आणि घाईत किल्ली द्यायची विसरून तो मीटिंगला परत गेला. आजी जिने चढून वर आली तर दाराला कुलूप. दमलेली, घामेजलेली, ती वळकटीवर टेकून पायरीवर बसली. थोड्या वेळाने, शेवटचा पेपर देऊन आलेल्या अबोलीचे बूट जिन्यात वाजले.

"आजी!"

"अगं, तू रोज अशीच येतेस? एकटी? कुलूप उघडून?" आजी वळकटी धरून उठली. "घरात काही केलेलं तरी आहे का?"

"आहे ना. गच्चीवर."

दोघी वर आल्या. अबोलीने काच उचलली. मला पापण्या असत्या तर मी डोळे मिटले असते. तिने एक दाणा चेपून पाहिला. कच्चा. आजीने माझ्यात डोकावून पाहिले आणि लांब श्वास सोडला. त्या श्वासात सगळे काही होते, दोन तिकिटे आणि बांधायची बॅगसुद्धा.

अबोली रडेल, असे मला वाटले. किंवा धावत जाऊन कपाटातले पाकीट आणेल. तिने आभाळाकडे पाहिले, मग भांड्यावर झाकण ठेवले.

"आजी, आज ढग आलेत. मीनाक्षी आंटी पण नाहीत. मला गॅसला हात लावायचा नाहीये. तू पेटवशील? मी सांगते कसं करायचं ते."

"तू मला खिचडी शिकवणार?"

"शिकवत नाही गं. डाळ-तांदूळ सकाळपासून भिजलेत. एक चांगली उकळी आली की थोडा वेळ ठेवायचं आणि बंद करायचं. बाकीचं पेटीत होतं. गॅस पण कमी लागतो."

दोघी भांडी घेऊन खाली गेल्या. थोड्या वेळाने परत आल्या. पुढे अबोली, बगलेत रजई घेऊन, आणि मागे आजी, फडक्यात धरलेले गरम भांडे सांभाळत. ते भांडे आत आले आणि मी ती ऊब अशी घट्ट धरली की बस. सूर्य नव्हता, पण जेवढे माझ्या हातात होते तेवढे मी केले. अबोलीने रजई नीट खोचली. मग खिचडी होईपर्यंत ती आजीला गच्ची दाखवत फिरली. खडूच्या रेघा, मोहरीची शेते, मीनाक्षी आंटींची खुर्ची. आजी आधी हूं हूं करत होती. मग प्रश्न विचारू लागली. मग दोघी हसू लागल्या.

खिचडी मऊ शिजली होती. अबोलीने दोन ताटे मांडली, वर तूप घातले, लिंबाची फोड ठेवली आणि आजीचे ताट आधी वाढले. आजीने घास घेतला. मग ती जेवतच राहिली. प्रवासात दोन दिवस तिच्या पोटात धड काही गेले नव्हते, हे नंतर कळले. ताट रिकामे झाले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"आजी, तिखट लागलं?"

"नाही गं बाई." तिने अबोलीला जवळ ओढले. "पोरीला जेवू घालायला म्हणून इतक्या लांब आले, आणि इथे येऊन पोरीच्याच हातचं जेवले."

संध्याकाळी कल्पना धापा टाकत घरी आली. ढग तिने ऑफिसच्या खिडकीतून पाहिले होते आणि दिवसभर तिचे कशात लक्ष नव्हते. ती थेट गच्चीवर आली. आजी मीनाक्षी आंटींच्या खुर्चीत बसून माझी काच पुसत होती.

"आई, आज ऊन..."

"कळलं मला. बस आधी, दमून आली आहेस." आजी काच पुसतच म्हणाली. "राजीवला सांग, एक तिकीट रद्द करून आण."

कल्पना माझ्या शेजारी जमिनीवर बसली. ती रडत होती की हसत होती, मला नक्की सांगता येत नाही. पण ते रडे आधीच्या रड्यासारखे नव्हते, एवढे मला समजले.

त्या दिवशी मी एकटीने काही शिजवले नाही, मित्रांनो. खिचडी शिजली ती भिजलेल्या डाळीमुळे, आजीच्या काडीपेटीमुळे आणि एका मुलीला आपले जेवण कसे तयार होते हे माहीत होते म्हणून. मला थोडा गर्व होता, तो त्या दिवशी उतरला. त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी भरली आणि ते जास्त बरे वाटते.

आता मी म्हातारी झाले आहे. समोर उंच टॉवर उभा राहिला आहे आणि थंडीत ऊन उशिरा येते. तरी अधूनमधून माझी काच पुसली जाते आणि भांड्यांना काळा रंग मिळतो. तुमच्याकडे माझ्यासारखी चूल नसेल, तर काही बिघडत नाही. पण तुमच्या घरात दुपारी कुणीतरी कुलूप उघडून एकटेच आत येत असेल, तर त्याच्यासाठी काहीतरी घरचे शिजवून, झाकून ठेवा. आणि ते कुणीतरी तुम्हीच असाल, तर पाकीट फोडायच्या आधी झाकण उघडून बघा. सकाळी बस चुकत असतानासुद्धा कुणीतरी थांबून ते तुमच्यासाठी ठेवलेले असते.